वायच मागे

मंगळवारी संध्याकाळी, शिरोड्याच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या पावत्यांच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल उभा केला
आणि आम्ही पाच जण वाकलो त्यावर,
लिलावात पहिल्या पाटीवर वाकतात तसे.

शूटिंग इनासचं.
इनास एरवी लग्नं काढतो,
म्हणून कॅमेरा आधी बघायला आलेल्या बायकांवर रेंगाळतो,
मग सुरूंवर, मग मिठागराच्या पांढऱ्या चौकटींवर,
आणि मग नवरी सापडावी तसा
गौरांग कुबलवर येऊन थांबतो.

चौतीस सेकंद.
शेवटी कोपर. रेडीचा संकल्प राऊळ तोंड धरून खाली बसतो.
चेंडू तेव्हा पार पलीकडे, गोलकीपरने लांब मारलेला,
आणि कडेला, काळ्या शर्टातला एक जाडा माणूस
पाठ करून चेंडूमागे धावतोय.
तो मी.

वीस वर्षं शिट्टी वाजवतोय या किनाऱ्यावर.
माझी पाठ मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हळू करा," धुरी म्हणाले.
धुरी कस्टममध्ये होते, पेट्या उघडायची सवय.
हळू केल्यावर ते कोपर निघालं
जाळं ओढताना मागे येतं तसं,
त्यात राग दिसेना, नुसतं कसब.
चार वेळा पाहिलं. चार वेळा तोच जबडा फुटला.
तिकडे रेडीत त्या पोराची आई
गाळलेली पेज नळीने पाजते त्याला, आज नववा दिवस.
हे कोणी बोललं नाही.

आवाज वाढवला.
वारा. माइक भरून नुसता वारा.
संकल्पचे ओठ मात्र हलतात, कोपराच्या आधी,
दोन शब्द, फार तर तीन.
पाठ केली होती मी, कान नव्हते फिरवले.
एक शब्द मला आला होता: 'बापूस'.
गौरांगच्या बापाची होडी परत आली होती,
दोन वर्षांमागे.
नुसती होडी.

मी सांगितलं.
धुरींनी नियमाचं पान काढलं, यंदाच चिकटवलेलं:
पंचाच्या नजरेतून सुटलेला प्रकार
सामन्यानंतर चित्रफितीत दिसल्यास शिक्षेस पात्र.
दिसल्यास.
मी पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी.

मग त्याला बोलावलं.
चपला बाहेर काढून आला.
"हा तू?"
"होय."
"मुद्दाम?"
"होय."
इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं,
धुरींनी तर तीन प्रश्न आणखी लिहून आणले होते.

तो पडद्याकडेच बघत राहिला.
"वायच मागे घेवा."
आता कारण दाखवणार, आम्हाला वाटलं, म्हणून घेऊ दिलं.
त्याने बोटाने सरकवलं,
कोपराच्या मागे, त्या शब्दाच्याही मागे,
जिथे तो उजवीकडून निघतो,
एकाला आतून काढतो, दुसऱ्याच्या पायांमधून,
आणि तिरपा उंच क्रॉस.
कोणी पोचत नाही. गोलकीपर अलगद उचलतो.
सात सेकंद.

"मी असो धावतंय?"

कोणाला विचारलं ते कळलं नाही.
पंख्याखाली पावत्या फडफडत होत्या.
त्याचं धावणं साऱ्या गावाने पाहिलं होतं,
एक तो सोडून.

सहा सामने बंदी. म्हणजे हंगामच,
पुढे होड्या वर ओढतात, मैदानात बेडूक येतात.
सही पाचही जणांची, माझी शेवटची.
शिक्षा बरोबर होती. आजही विचाराल तर बरोबरच म्हणेन,
रेडीच्या पोराला जबडा एकच आहे.

दारातून तो परत वळला.
"सर, तां माका धाडशात?"
पुरावा असा वाटता येत नाही, धुरी म्हणाले,
आणि फायलीची नाडी बांधली.

रात्री मी इनासला फोन लावला.
तो जेवत होता, तोंडात घास.
कापून देऊ? कुठून कुठवर?
मी बराच वेळ काही बोललो नाही.
मग म्हटलं, अख्खं धाड त्याला.
माझी पाठ आहे त्यात,
तीही असू दे.